विकरांना तंतूचा आधार : एकदा वापरलेले पुन्हा वापरण्याचे विज्ञान

बालाघाटच्या डोंगररांगांतील लिंबागणेश आणि भोवतालच्या गावांना ऊसतोडीचा हंगाम कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळी सरली की टोळ्या निघतात आणि घराघरांवर कुलपे दिसू लागतात. ऊस तोडला की मोळी बांधून गाडी लवकर भरण्याची घाई असते, हेही येथील प्रत्येक कोयत्याला अनुभवाने ठाऊक आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही कमी होतो. वजन घटते ते पाणी उडून गेल्यामुळे. उतारा घटण्याचे कारण मात्र निराळे असून प्रस्तुत लेखाचा विषय त्या कारणाशीच निगडित आहे.

उसाच्या पेशींमध्ये ‘इन्व्हर्टेज’ नावाचा एक पदार्थ असतो. ऊस उभा असताना त्याचे काम मर्यादेत चालते. ऊस तोडल्यावर ती मर्यादा सुटते. हा पदार्थ साखरेच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे करतो : एक ग्लुकोज आणि दुसरा फ्रुक्टोज. या तुकड्यांची दाणेदार साखर होत नाही, ते मळीत जातात. बाहेरून शिरलेले जंतूही या नासाडीत भर घालतात. विशेष असे की, साखर तोडणारे हे इन्व्हर्टेज स्वतः मात्र त्या कामात संपत नाही. एक रेणू तोडून झाला की ते दुसऱ्याकडे वळते, मग तिसऱ्याकडे. अशा पदार्थांना मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विकर’ म्हणतात. व्यवहारात ‘एन्झाइम’ हा शब्द रूढ आहे.

आम्ही इतिहास शिकवतो, रसायनशास्त्र नव्हे. तथापि विज्ञानालाही इतिहास असतो आणि तो कोणाच्या घामाशी व कोणाच्या घराशी जोडलेला आहे, हे सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे, असे आम्ही मानतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे हा थोडा अपरिचित विषय ठेवीत आहोत. विकर स्वतः झिजत नसेल, तर ते एकदाच वापरून फेकून का द्यावे लागते? आणि ते पुन्हा हाती यावे यासाठी कापूस, उसाची चिपाडे, कोळंबीची टरफले यांसारख्या साध्या वस्तूंचा उपयोग कसा होतो? या दोन प्रश्नांची उत्तरे येथे पाहावयाची आहेत.

विकर म्हणजे काय?

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर करते, म्हणून ही गोडी येते. शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, तो मातीतील युरिएज या विकरामुळे. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असते. त्याने मांस लवकर मऊ होते. आपल्या बालाघाटच्या सीताफळाचा गर उघडा राहिला की काळपट पडतो, त्यामागेही विकरच असते. म्हणजे ही मंडळी आपल्या स्वयंपाकघरात आणि शिवारात पहिल्यापासून आहेत. त्यांची ओळख मात्र उशिरा पटली.

१८३३ साली पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूपासून पिष्ट विरघळवणारा पदार्थ वेगळा काढला. १८९७ साली जर्मनीच्या एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून काढलेल्या, जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते, हे दाखवून दिले. जीवनक्रिया चालवणारी कोणतीतरी गूढ शक्ती असते, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. पुढे १९२६ साली अमेरिकेच्या जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या एका शेंगेतील दाण्यांपासून युरिएजचे स्फटिक मिळवले आणि विकर हे प्रथिन असते, असे सांगितले. समनर यांना किशोरवयात शिकारीतील अपघाताने डावा हात गमवावा लागला होता, आणि ते मूळचे डावखुरे होते. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा सल्लाही त्यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विकर हे प्रथिनाच्या लांब साखळीची विशिष्ट घडी पडून तयार होते. त्या घडीत एक खोबण असते. कुलपात जशी ठराविक किल्लीच बसते, तसा त्या खोबणीत ठराविक रेणूच बसतो. तो तेथे तुटतो अथवा जोडला जातो आणि बाहेर पडतो. घडी शाबूत आहे तोवर काम चालू राहते. फार उष्णता, तीव्र आम्ल किंवा अल्कली यांनी घडी उलगडली की विकर निकामी होते.

अडचण कोठे आहे?

समजा, एका पातेल्यातील दुधात लॅक्टेज हे विकर घातले. ते दुधातील लॅक्टोज शर्करेचे तुकडे करील आणि ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांना ते दूध सोसेल. काम झाल्यावर विकर कोठे आहे? दुधातच विरघळलेले आहे. मीठ घातलेल्या वरणातून मीठ परत काढावे, तितकेच ते वेगळे करणे अवघड. म्हणजे विकर शाबूत आहे, काम करावयास समर्थ आहे, तरी प्रत्येक खेपेला नवे विकत घ्यावे लागते. विकरे शुद्ध करण्याचा खर्च मोठा असतो. हा खर्च अखेरीस मालाच्या किमतीत मिळवला जातो आणि तो ग्राहकाच्या, औषधाच्या बाबतीत रुग्णाच्या, खिशातून जातो.

यावर उपाय सुचला तो असा, की विकर पाण्यात मोकळे सोडण्याऐवजी न विरघळणाऱ्या कशाला तरी बांधून ठेवावे. शेळी दाव्याला बांधली म्हणजे ती दाव्याच्या टप्प्यात चरते आणि संध्याकाळी हाती लागते, तसेच हे. या क्रियेला विकरांचे ‘स्थिरीकरण’ म्हणतात. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन या अमेरिकी संशोधकांना असे आढळले की, कोळशाच्या भुकटीवर चिकटलेले विकर साखर तोडण्याचे आपले काम चालूच ठेवते. ते विकर कोणते? तर इन्व्हर्टेज, म्हणजे आमच्या ऊसतोड बांधवांचा उतारा घटवणारेच. त्यांनी ते उसापासून नव्हे, तर यीस्टपासून घेतले होते, एवढाच फरक.

या निरीक्षणाचा कारखान्यात उपयोग व्हावयास मात्र अर्धशतक लागले. १९६९ साली जपानमध्ये इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्ले वेगळी करण्यासाठी स्थिर केलेले विकर औद्योगिक प्रमाणावर वापरले. १९७०च्या दशकात इटलीतील मिलान शहराच्या दूध केंद्रात तर लॅक्टेज सेल्युलोजपासून केलेल्या तंतूंमध्ये कोंडून त्यावरून दूध सोडले जाऊ लागले. विकराला तंतूचा आधार देण्याची कल्पना अशी जवळपास अर्धशतक जुनी आहे.

पिंपरीचे पेनिसिलिन

महाराष्ट्राशी या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो औषधांच्या क्षेत्रात. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याआधी १९५० साली पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली होती.

बुरशीपासून मिळणारे नैसर्गिक पेनिसिलिन काही जंतूंवर चालते, काहींवर चालत नाही. त्याच्या रेणूची शेपटी कापून गाभा तेवढा ठेवला आणि त्याला निराळी शेपटी जोडली, तर ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तयार होतात. तालुक्याच्या दवाखान्यात मुलाला ताप-खोकल्यावर लिहून दिलेल्या चिठ्ठीवर ही नावे आपण अनेकदा वाचली असतील. शेपटी कापण्याची रासायनिक पद्धत होती. पण ती शून्याखाली सुमारे ४० अंश तापमानात, घातक द्रावक आणि दाहक रसायने वापरून करावी लागे. ‘पेनिसिलिन ॲसायलेज’ हे विकर तेच काम साध्या पाण्यात आणि आपल्या अंगाइतक्या उबेत करते. मात्र ते एकदाच वापरून टाकावयाचे म्हटले तर परवडत नाही. त्याला बांधून ठेवले तर एकच घाण शेकडो वेळा वापरता येतो, आणि मग हाच मार्ग रासायनिक मार्गापेक्षा स्वस्त ठरतो.

पिंपरी आणि पुणे येथील शास्त्रज्ञांनी या विकरावर दीर्घकाळ काम केले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे जे. जी. शेवाळे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एच. शिवरामन यांनी १९८९ साली या विकराचे उत्पादन व उपयोग यांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचा आधार पुढील संशोधकांनी वारंवार घेतला आहे. १९९९ साली याच प्रयोगशाळेतील संशोधकांनी इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने पेनिसिलिन तोडणाऱ्या एका भावंड विकराची रेणूरचना उलगडून दाखवली. खोबण नेमकी कोठे आहे हे कळले, म्हणजे विकर कोठून बांधावे आणि कोठून बांधू नये, हेही ठरवता येते.

तंतू जितका बारीक, तितकी जागा अधिक

कारखान्यांत विकरे बांधण्यासाठी आजही प्रामुख्याने कृत्रिम राळेचे बारीक सच्छिद्र मणी वापरतात. मग तंतूंचा विचार कशासाठी? मण्याच्या आतल्या भागात बसलेल्या विकरापर्यंत रेणूंना छिद्रांच्या बोळांतून जावे लागते; त्यात वेळ जातो. तंतूच्या बाबतीत विकर पृष्ठभागावरच असते. शिवाय तंतूंचे कापड करता येते. ते बुडवले, काम झाले की उचलले, धुतले आणि पुन्हा बुडवले.

येथे हिशेब पाहणे उद्बोधक ठरेल. कापसाचा तंतू सुमारे १५ हजार नॅनोमीटर जाड असतो. (एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) अशा १ ग्रॅम तंतूंचा बाहेरचा पृष्ठभाग मोजला तर तो सुमारे ०.१८ चौरस मीटर, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा भरतो. तोच १ ग्रॅम पदार्थ १५० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंत ओढला तर जाडी शंभरपट कमी झाली आणि पृष्ठभाग शंभरपट वाढला : सुमारे १८ चौरस मीटर. बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब खोलीची ही जमीन झाली. पदार्थ तेवढाच, वजन तेवढेच. विकरांना बसावयास जागा मात्र शंभरपट. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे विकरधारी सूक्ष्म तंतू प्रथम तयार केले, तेव्हा त्यांनी पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक वापरले होते. पुढे सेल्युलोज, कायटोसान, रेशमाचे प्रथिन अशा जैविक बहुवारिकांकडे लक्ष वळले. ही सजीवांपासून मिळतात, मातीत कुजतात आणि विकरांशी त्यांचे सहसा जमते.

इतके बारीक तंतू करण्याचा एक मार्ग म्हणजे विद्युत-कताई. जत्रेत साखर वितळवून ‘म्हातारीचे केस’ करतात, ते आपण पाहिले आहे. तेथे फिरत्या भांड्याच्या जोराने तंतू ओढले जातात. येथे विजेच्या ओढीने. बहुवारिकाचे द्रावण पिचकारीत भरतात, सुईला काही हजार व्होल्टचा दाब देतात आणि समोर वीतभर अंतरावर धातूचा पत्रा ठेवतात. सुईच्या टोकावरील थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून एक धार निघते, ती चाबकासारखी वळवळत हवेतच सुकते आणि पत्र्यावर कोष्ट्याच्या जाळ्याहून तलम असे पांढरे कापड साठत जाते.

दुसरा मार्ग उलट दिशेचा आहे. कापसाचा तंतू मुळात अनेक अतिसूक्ष्म तंतूंचा जुडगाच असतो. तो सोडवीत जावयाचे. मुंबईत माटुंगा येथे १९२४ सालापासून कापसावर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिने, म्हणजे आजच्या केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेने, सरकीवरील आखूड लिंटर तंतूंपासून नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक कारखाना २०१५ साली उभारला. बीड जिल्ह्यात कापूस आहे, पऱ्हाटी आहे, उसाचे चिपाड आहे. या सर्वांत सेल्युलोज आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कोळंबीची टरफले पडतात, त्यांतून कायटोसान निघते. ज्याला आपण कचरा म्हणतो, त्यात हा माल दडलेला आहे.

बांधावयाचे कसे?

विकर तंतूला बांधण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिली नुसते चिकटू देण्याची. ती सोपी आणि विकराला सौम्य. पण धुताना विकर सुटून जाते. दुसरी रासायनिक बंधाची. कायटोसानच्या तंतूवर अमिनो गट असतात आणि विकराच्या अंगावरही असतात. ग्लुटरॲल्डिहाइड हा दोन्ही टोकांनी पकडणारा लहान रेणू त्यांच्यामध्ये आकड्यासारखा अडकतो. ही पकड घट्ट असते. परंतु ती जर खोबणीजवळ बसली तर विकराचे तोंडच बंद होते. शिवाय ग्लुटरॲल्डिहाइड विषारी असल्यामुळे उरलेला अंश नीट धुऊन काढावा लागतो. तिसरी पद्धत कोंडण्याची : तंतू कातण्याआधीच द्रावणात विकर मिसळावयाचे. विकर सुरक्षित राहते, पण रेणूंना त्याच्यापर्यंत पोहोचावयास कष्ट पडतात.

म्हणजे प्रत्येक पद्धतीत काही लाभ, काही हानी. तरीही हिशेब कोणत्या बाजूला झुकतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, बांधताना विकराची ३० टक्के शक्ती गेली आणि पुढे प्रत्येक वापरात उरलेल्या शक्तीच्या ५ टक्के कमी होत गेली. दहा वापरांनंतर बांधल्या क्षणीच्या शक्तीच्या सुमारे ६० टक्के शक्ती शिल्लक राहील. आणि या दहा खेपांत मिळून जे काम होईल, ते मोकळ्या विकराच्या एका खेपेच्या साडेपाचपट असेल. सुरुवातीला तीन दशांश गमावूनही अखेरीस साडेपाचपट कमाई, आणि विकर अद्याप हाती आहेच.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विद्युत-कताईचा वेग कमी असतो. कायटोसान आम्लात विरघळते, म्हणून त्याचे कापड टिकवण्यासाठी निराळे उपाय करावे लागतात. गढूळ द्रवात सूक्ष्म तंतूंचे कापड तुंबते. प्रयोगशाळेतील तळहाताएवढ्या तुकड्यावर जे साधते, ते हजारो लिटरच्या टाकीत साधेलच असे नाही. तरी फळांचे रस निवळणे, दुधातील लॅक्टोज तोडणे, इचलकरंजी-सोलापूरसारख्या कापडनगरीतील रंगीत सांडपाण्याचा रंग लॅकेज या विकराने काढणे, अशा कामांसाठी जगभर प्रयत्न चालू आहेत. मधुमेहाच्या रुग्णांच्या घरी साखर तपासण्याची जी पट्टी असते, तिच्यावरही स्थिर केलेले विकरच असते. फक्त ती पट्टी एकदाच वापरावयाची असते.

हे ज्ञान कोणाचे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना त्यांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला एक निवेदन सादर केले. अस्पृश्य वर्गातील मुलांनी केवळ कला व कायद्याच्या पदव्या घेऊन भागणार नाही, त्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, हे शिक्षण खर्चाचे असल्याने सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या पाहिजेत आणि परदेशी शिक्षणाचीही सोय केली पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. इतिहासाच्या अभ्यासकाला या मागणीतील दूरदृष्टी आज अधिक जाणवते. कापूस वेचणारे आणि ऊस तोडणारे हात आमचे. त्या कापसाचे नॅनोसेल्युलोज करणारे आणि त्या साखरेवर विकरांचे प्रयोग करणारे हातही आमच्या मुला-मुलींचे असले पाहिजेत.

आरंभ लहान असला तरी चालेल. आमच्यासारख्या शाळेच्या प्रयोगशाळेतही स्थिरीकरण डोळ्यांनी दाखवता येते. सोडियम अल्जिनेट हा समुद्रशैवालापासून मिळणारा पदार्थ पाण्यात विरघळवून त्यात बेकरीचे यीस्ट मिसळावे आणि ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब सोडावे. प्रत्येक थेंबाचा साबुदाण्यासारखा मणी होतो आणि यीस्ट त्यात विकरांसह कोंडले जाते. हे मणी साखरेच्या कोमट पाण्यात टाकले की काही वेळाने बुडबुडे येऊ लागतात. मणी गाळून घ्यावेत, धुवावेत आणि नव्या साखरपाण्यात टाकावेत. बुडबुडे पुन्हा येतात. ‘पुन्हा वापर’ म्हणजे काय, हे सहावीच्या मुलालाही यातून कळते. औषधनिर्माण, दुग्धव्यवसाय आणि साखर कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस येऊन असे प्रयोग मुलांकडून करवून घ्यावेत, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.

विकराच्या अंगी सामर्थ्य असतेच. आधाराअभावी ते वाहून जाते. आईवडील हंगामात फडावर गेल्यावर ज्या मुलांची शाळा सुटते, त्यांच्या बाबतीतही हेच घडते. निवासी शाळेने दिलेली झोपावयाची जागा, दोन वेळचे जेवण आणि रात्रीच्या अभ्यासाचा दिवा यांचे मोल म्हणूनच मोठे आहे. या आधारावर टिकलेली मुले उद्या पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत पोहोचावीत आणि तोडलेल्या उसाचा उतारा का घटतो, हे त्यांनी आपल्या आईवडिलांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.